लेखक कुठे उभा होता?

लेखकाच्या प्रकट मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : ‘तुमच्या लेखनात तुमचे आयुष्य किती उतरले आहे?’ प्रश्न गैर नाही, परंतु त्याच्या पोटात एक समजूत दडलेली असते. आयुष्य म्हणजे धान्याने भरलेली कणगी, लेखन म्हणजे तिच्यातून मापून काढलेली पायली, आणि कणगी जितकी मोठी तितका लेखक मोठा, अशी ती समजूत आहे. मराठवाड्याच्या बाबतीत ती अधिकच घट्ट बसलेली दिसते. निजामाची राजवट, रझाकारांचा काळ, १९७२चा दुष्काळ, नामांतराचे आंदोलन, किल्लारीचा भूकंप, दरवर्षीची ऊसतोड आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या अशी यादी वाचून ‘तुमच्याकडच्या लेखकांना विषयांची काय ददात!’ असे पुण्या-मुंबईकडचे स्नेही अगदी आपुलकीने म्हणतात. त्यांच्या आपुलकीबद्दल मला शंका नाही, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. इतके सोसलेल्या या प्रदेशात प्रत्येक सोसणारा माणूस लेखक झालेला नाही, आणि जे झाले त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या वाट्याला आलेल्या सर्वांत मोठ्या घटनेवर एक ओळही लिहिलेली नाही.

परभणीत राहून मी गेली बरीच वर्षे मराठवाड्यातील लेखकांच्या मुलाखती घेत आले आहे. काही दिवाळी अंकांसाठी घेतल्या, काही महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत घेतल्या, तर काही कुठे छापण्याचा हेतू नसतानाही केवळ मला जाणून घ्यायचे होते म्हणून घेतल्या. ज्यांनी घरातल्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या त्यांची नावे मी येथे देणार नाही. या सगळ्या बोलण्यांतून माझे एक मत पक्के होत गेले. अनुभव लेखकाला विषय देतो त्याहून महत्त्वाचे असे की, तो त्याला उभे राहायला एक जागा देतो. एकाच गावात आणि एकाच दुष्काळात वाढलेली दोन मुले पुढे लेखक झाली, तरी दोघांचा दुष्काळ निराळा असतो, कारण एकाच्या हातात भांडे होते आणि दुसऱ्याच्या हातात हजेरीपट. मुलाखतीत शोधायची असते ती ही जागा.

बहात्तरच्या दुष्काळाचेच घ्या. त्या वर्षी अन्नापेक्षाही काम आणि मजुरी यांचा प्रश्न मोठा झाला होता. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध अशी कामे निघाली, आणि याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेचा पाया घातला गेला. परदेशातून आलेल्या लाल मिलोची, म्हणजे तांबड्या ज्वारीची, भाकरी आणि कामावर वाटला जाणारा सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ या दोन चवी त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेल्या नाहीत. साठी ओलांडलेल्या कोणत्याही लेखकाला विचारा, तो प्रथम मिलोबद्दलच बोलतो.

अशाच एका कथाकारांशी मी बोलत होते. त्यांच्या कथांमधील एक गोष्ट मला कित्येक दिवस खटकत होती, किंवा खटकण्यापेक्षा तिचे कोडे पडले होते असे म्हणणे योग्य होईल. त्यांच्या कथेतली गरिबातली गरीब माणसेही कथेत प्रवेश करताना पूर्ण नावाने येतात. स्वतःचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव. गावात ज्या बाईला सगळे ‘धोंड्याची माय’ म्हणतात ती कथेत पहिल्यांदा दिसते तेव्हा तिचे सगळे नाव लिहिलेले असते, आणि मगच ती धोंड्याची माय होते. समीक्षकांनी याला शैली म्हटले होते. मी त्यांना कथेबद्दल काहीच न विचारता, दुष्काळात तुम्ही नेमके कोणते काम करत होता, एवढेच विचारले. ते म्हणाले की ते तेव्हा शाळकरी होते आणि खडीच्या कामावर गेले होते, परंतु त्यांनी फारशी खडी फोडलीच नाही. मुलाला खणखणीत वाचता येते हे पाहून मस्टर कारकुनाने त्यांना हजेरी पुकारायला उभे केले. सकाळी आणि दुपारी, दगडांच्या ढिगावर उभे राहून, गावातल्या आणि शेजारच्या वाडीवरच्या शेकडो माणसांची पूर्ण नावे ते मोठ्याने वाचत. आपल्याच चुलतीचे नाव त्यांनी पहिल्यांदा त्या मस्टरवर वाचले. तोपर्यंत तिला काही नाव आहे हे त्यांना माहीतच नव्हते. पगाराच्या दिवशी, म्हणजे आठवड्याच्या चुकाऱ्याला, शाईच्या पॅडवर टेकवलेला तिचा अंगठा त्यांनी स्वतः धरून कागदावर दाबला होता, आणि अंगठ्याच्या रेषा खडीच्या कामाने इतक्या झिजल्या होत्या की ठसा नुसता डागासारखा उमटला. कारकुनाने तो पुन्हा घ्यायला लावला.

हे त्यांनी सांगितले आणि त्यांच्या कथा मला एकदम उमगल्या. दुष्काळ हा त्यांच्या कथांचा विषय फार थोड्या ठिकाणी आहे. पण माणसाला नावानिशी पुकारणे, आणि पुकारल्यावर ते माणूस हातातली हातोडी खाली ठेवून ‘हाय जी’ म्हणत उभे राहते तो क्षण, हा त्यांच्या प्रत्येक कथेचा सांगाडा आहे. त्यांना स्वतःला हे ठाऊक होते का, असे मी विचारले नाही. मला तो प्रश्न त्या वेळी अनावश्यक वाटला.

त्याच दुष्काळात लहान असलेल्या एका कवयित्रीने मला अगदी वेगळी हकिगत सांगितली. तिचे घर गावातले मानाचे, वाड्याचे. विहीर आटली, बैल विकले, तरी घरातल्या बायकांनी कामावर जायचे नाही असा वडिलांचा हट्ट होता. शेवटी तिची आई आणि काकू शेजारच्या गावच्या कामावर जाऊ लागल्या. अंधार असताना निघायच्या, तोंडावर पदर ओढून खडी फोडायच्या आणि दिवेलागणीनंतर परसदाराने घरात यायच्या. मुलीला सांगितले होते की कुणी विचारले तर आई माहेरी गेली आहे असे म्हणायचे. तिच्या कवितेत भूक जवळजवळ नाहीच. तेथे आहेत बंद दारे, मागचे अंगण, खोटे बोलणारी लहान मुलगी आणि घराची अब्रू सांभाळताना बाईच्या हाताला पडलेले घट्टे. ‘दुष्काळाची कविता’ म्हणून एखादे संपादन काढणारा माणूस तिची एकही कविता निवडणार नाही, आणि तरीही बहात्तरच्या मराठवाड्याविषयी तिने जे सांगितले आहे ते मला दुसऱ्या कुठे वाचायला मिळालेले नाही.

ज्यांचे आयुष्य आणि लेखन आता सर्वांसमोर आहे अशा आमच्या थोरांकडे पाहिले तरी हेच आढळते. परभणी जिल्ह्यातील सातोन्याला १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ निजामी राजवटीत सरकारी नोकरी करत होते आणि १९५३ साली कचेरीत काम करता करताच त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीचे ते नोकर होते, तिच्याच छायेत जगणाऱ्या साध्या माणसांविषयी त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. बाहेरून घोषणा देणाऱ्याला आणि तुरुंगात बसलेल्याला जे दिसते त्याहून निराळे असे काही कचेरीच्या टेबलामागे बसलेल्याला दिसते : भीती कशी रोजची होते, माणसे कशी वाकतात आणि वाकूनही मनात काय जपून ठेवतात. त्यांची कोणी सविस्तर मुलाखत घेतली असती तर मी तिच्यासाठी वाटेल ते दिले असते. ते चाळिशीत गेले, आणि ज्या पिढीला कचेरीत एक भाषा, शाळेत दुसरी आणि घरात तिसरी बोली वापरावी लागली तिच्या मनाची घडण त्यांच्या तोंडून ऐकण्याची संधीही गेली.

रा. रं. बोराडे यांचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. लातूर जिल्ह्यातील काटगावचे बोराडे सर पुढे प्राध्यापक झाले, वैजापूरला प्राचार्य झाले. त्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ साली आली. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत ती सांगते, आणि ती सांगतो कोण? शिंपी सांगत नाही, लेखकही सांगत नाही. शिंप्याची बायको आपल्या बोलीत, आपल्या दमाने सांगते. येथे ‘आयुष्य किती उतरले आहे’ या प्रश्नाला काय उत्तर देणार? लेखक शिंपी नव्हता आणि बाई तर नव्हताच. पण गावातल्या बायका चुलीपुढे, पाणवठ्यावर, दुपारी निवडण-टिपण करताना जे बोलतात ते ज्या मुलाने जवळ बसून, कान देऊन ऐकले आहे, त्याचे ते लेखन आहे, असे वाचताना पानोपानी जाणवते. माझ्या मते ऐकणे हाही अनुभवच आहे. स्वतः भोगलेले तेवढेच खरे, असा जो एक हट्ट आपल्या साहित्यचर्चेत शिरला आहे त्याला ‘पाचोळा’ हे सज्जड उत्तर आहे.

मात्र त्या हट्टामागे एक न्याय्य कारण आहे, हे मी विसरू इच्छित नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. गावकुसाबाहेरची मुले तेथे प्रथमच वसतिगृहात राहिली, एका पंगतीत जेवली आणि लिहिती झाली. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ या आपल्या नियतकालिकातून त्यांना लिहायला जागा दिली. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपलेल्या मुलाने शिक्षणासाठी काय काय सोसले ते त्यात आहे. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या समाजातला माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो आहे, हे मराठी वाचकांसाठी नवे होते. या लेखकांच्या आधी त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक दुरून पाहिलेले होते, म्हणून ‘आम्ही भोगले ते आम्हीच सांगू’ असे म्हणण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता आणि आहे.

तरीसुद्धा, आत्मकथनातही ‘मी’ नेमका कुठे उभा होता हा प्रश्न सुटत नाही. उलट तो तिथे सर्वांत अवघड होतो. हे मला एका घरात फार जवळून पाहायला मिळाले.

ते आत्मकथनकार वयाने बरेच मोठे होते. मी त्यांना सर म्हणत असे, ते मला बाई म्हणत. मुलाखत त्यांच्या घरीच चालली होती आणि त्या दिवशी त्यांची थोरली बहीणही आलेली होती. त्यांच्या पुस्तकात एक प्रसंग आहे : घरात काही नसले की लहानपणी गावातून उरलेसुरले अन्न मागून आणावे लागे. तो प्रसंग अनेक ठिकाणी उद्धृत झाला आहे, त्यावर व्याख्याने झाली आहेत. सर कुणाचा तरी फोन घेण्यासाठी बाहेर गेले तेव्हा अक्का मला आत चहाजवळ घेऊन गेल्या. गॅसवर आधण ठेवून, पातेल्यात साखर टाकता टाकता, त्या सहजपणे म्हणाल्या, “मागून आणायला तो कदी गेलाच न्हाई, बाई. मी जात व्हते. त्यानं लिवलंय ‘आम्ही’. माझ्या सासरी ते पुस्तक वाचलं लोकांनी.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भावाचा अभिमान होता, आणि त्याच्या शेजारी हेही होते. सासरच्या माणसांपासून त्यांनी जन्मभर झाकलेली गोष्ट त्यांच्या भावाच्या पुस्तकामुळे उघडी झाली होती, आणि पुस्तकातल्या त्या ‘आम्ही’मध्ये त्या एकट्या होत्या.

मी हे सरांना विचारावे की नाही याचा बराच विचार केला आणि शेवटी अक्कांच्या परवानगीने, त्यांच्यासमोरच, विचारले. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते पुस्तकातल्या त्या प्रसंगापेक्षा कितीतरी खोल होते. ते म्हणाले की ते दारात बसून राहायचे; अक्का जाताना पाठमोरी दिसायची आणि परत येताना परकराच्या ओच्यात काहीतरी धरून यायची. ओचा किती फुगला आहे यावरून आज काय मिळाले असेल याचा अंदाज ते दुरूनच बांधायचे. तिच्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. नजर ओच्यावर असायची. “हे मला लिहिता आले नाही,” ते म्हणाले, “कारण हे लिहिले तर त्यात मी भुकेला दिसत नाही, आयते खाणारा दिसतो.”

माझ्या दृष्टीने अनुभव आणि लेखन यांच्यातल्या नात्याची सगळी गुंतागुंत या एका वाक्यात आहे. त्यांची खरी जागा दारात होती. पुस्तकात त्यांनी ती सोडली आणि बहिणीच्या जागी जाऊन उभे राहिले. हे खोटे बोलणे होते असे मी म्हणणार नाही, कारण भूक त्यांचीही होती. पण दारातल्या मुलाचे पुस्तक लिहिले गेले असते तर ते याहून मोठे झाले असते असे मला वाटते, आणि त्यात अक्काही आपल्या नावाने, एकट्या, दिसल्या असत्या. हा भाग मी छापलेल्या मुलाखतीत घेतला नव्हता. आज दोघांच्याही संमतीने, ओळख न देता, लिहीत आहे.

किल्लारीच्या भूकंपाच्या संदर्भात मला याच्या नेमके उलट वागलेला एक लेखक भेटला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. हे लेखक त्याच पट्ट्यातले, त्यांच्या भावकीतली माणसे त्या रात्री गेली, आणि तरीही त्यांच्या कथांमध्ये ती पहाट कुठेच नाही. त्यांच्या कथा सुरू होतात त्या नव्या गावात : आखलेल्या सरळ रस्त्यांच्या दुतर्फा एकसारखी घरे, दोन घरांमध्ये नको इतके अंतर, आणि जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसे आता एकमेकांना हाक मारायची तर ओट्यावरून उतरून चालत जातात. त्यांच्या एका कथेतली म्हातारी रात्री बाहेर जाऊन आली की स्वतःचे घर ओळखू न आल्याने रस्त्यातच बसून राहते, आणि सुनेने कंदील लावून दारात यावे म्हणून वाट पाहते.

मी त्यांना विचारले की त्या पहाटेवर तुम्ही कधीच का लिहिले नाही. ते म्हणाले, “ताई, त्या रात्री मी तिथे नव्हतो. नोकरीच्या गावी होतो. मी पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. जे ढिगाऱ्याखाली होते त्यांची ती रात्र आहे. मला मिळाली ती पुढची वर्षं.” दूरदर्शनवरच्या चित्रफिती, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे, नातेवाइकांच्या हकिगती असे सगळे साहित्य त्यांच्याजवळ होते, वाचकांची आणि प्रकाशकांची अपेक्षाही तीच होती. त्यांनी ती पुरी केली नाही. ‘पाचोळा’विषयी मी वर जे म्हटले त्याच्याशी हे विसंगत वाटेल. बोराडे दुसऱ्याच्या जागी जाऊन बोलू शकतात आणि हे लेखक जाऊ इच्छित नाहीत, तर बरोबर कोण? मला दोघेही बरोबर वाटतात. ज्याने ती बोली लहानपणापासून ऐकली आहे त्याला ती बोलता येते. ज्याला फक्त आक्रोशानंतरची शांतता भेटली त्याने शांततेविषयी लिहावे. कुणाला कुठे जाता येते हे ज्याचे त्याला आतून कळते, आणि चांगला लेखक त्या कळण्याशी प्रामाणिक राहतो.

प्रकाशकांच्या अपेक्षेचा विषय निघालाच आहे म्हणून बीड जिल्ह्यातल्या एका तरुण लेखिकेविषयी थोडे सांगते. तिचे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ते कारखान्यावर जायचे आणि उन्हाळा लागल्यावर परतायचे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, एवढ्यावरून त्या बाईच्या श्रमाचा हिशेब कसा होतो ते कळावे. तिने लिहायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांनी तिला फडावरचे, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावरचे, लिही म्हणून सांगितले : कोप म्हणजे पाचटाची खोपटी, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मध्यरात्री येणारी ट्रक, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणारी बाई. पण ती फडावर फार थोडे दिवस राहिली होती. आजीजवळ गावातच ठेवलेल्या मुलांपैकी ती एक. तिच्या कथांत कुलपे लावलेली घरे आहेत, पट निम्मा झालेला वर्ग आहे, म्हातारी माणसे आणि पोरे एवढेच उरलेले गाव आहे. तिची सर्वांत चांगली कथा आईच्या परत येण्याची आहे. सहा महिन्यांनी आई ट्रॅक्टरवरून उतरते, काळवंडलेली, अंगाला उसाच्या पानांनी चिरटलेले, आणि मुलगी धावत जाण्याऐवजी आजीमागे लपते. दिवसभर जवळ जात नाही. आई तिला बळजबरी करत नाही. ती फक्त चुलीपुढची आपली जागा आजीकडून परत घेते आणि भाकरी थापू लागते. भाकरीचा आवाज आजीच्या थापण्याहून वेगळा, जलद, आणि त्या आवाजावरून मुलीला आई ओळखू येते. हे असेच घडले होते का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली की लपणे खरे आहे, आवाजाचे तिला कथा लिहिता लिहिता आठवले, आणि ते खरोखर आठवले की तिने रचले हे आता तिलाही नक्की सांगता येत नाही.

तिचे हे उत्तर मला फार मोलाचे वाटते, कारण अनुभव लेखनाला घडवतो तितकेच लेखनही अनुभवाला घडवत असते. एकदा लिहून झालेली आठवण पूर्वीसारखी राहत नाही. पुढे लेखकाला स्वतःलाही ती छापलेल्या शब्दांतच आठवते. अनेक मुलाखती दिलेल्या ज्येष्ठ लेखकांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. ते बालपण सांगू लागतात तेव्हा वाक्ये आधीच तयार असतात : आईच्या जात्यावरच्या ओव्या, देवळातले कीर्तन, एका गुरुजींनी दिलेले पहिले पुस्तक. हे सारे खरेच असते, आणि ओव्यांचे आपल्या कवितेवरचे ऋण तर कुणी नाकारू नये. जनाबाईंच्या गंगाखेडपासून जवळ राहणारी मी तरी नाकारणार नाही. पण मुलाखत तेथेच थांबली तर सगळ्या लेखकांचे बालपण एकसारखे दिसू लागते. म्हणून मी आता प्रेरणेविषयी विचारत नाही. घरात दिवा कुठे टांगलेला असायचा, जेवायला कोण कुणाच्या शेजारी बसायचे, बाजाराच्या दिवशी तुमच्याकडे कोणते काम असायचे, घरातले कोणते भांडण तुम्ही झोपेचे सोंग घेऊन ऐकले, असे विचारते. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत भाव न मिळाल्याने शेतकरी भर बाजारात आपलेच टोमॅटो पायांखाली तुडवतो, आणि ती कथा वाचलेला आमच्याकडचा कोणताही माणूस आपापल्या बाजारातली जागा आठवू लागतो. कुणी टोपलीमागे बसलेला असतो, कुणी तराजू धरलेला, कुणी स्वस्तात मिळाले म्हणून पिशवी पसरणारा. आसाराम लोमटे यांना ‘आलोक’ या कथासंग्रहासाठी २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पत्रकार आहेत, आणि बातमीत जे बसत नाही ते कथेत कसे जाते हा विषय तर स्वतंत्र लेखाचा आहे.

अलीकडे मला जी तरुण मुले-मुली भेटतात त्यांची तक्रार वेगळीच आहे. आमच्याकडे अनुभवच नाहीत, असे ती अगदी मनापासून म्हणतात. दुष्काळ त्यांनी टँकरच्या रूपात पाहिला, आंदोलने मोबाइलवर पाहिली, आणि दहावीनंतरची वर्षे शिकवणीच्या शहरात गेली. लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करण्यासाठी वसतिगृहात राहिलेली एक मुलगी कविता लिहिते. तिच्या कवितांत नांगर आहे, पेरणी आहे, बापाच्या पायातली भेग आहे; सगळे वाचून आलेले, कारण तिच्या वडिलांचे तालुक्याला खताचे दुकान आहे. मी तिला वसतिगृहाच्या खोलीत पलंग किती होते आणि तिचा कोणता होता, एवढेच विचारले. ती आधी गोंधळली, मग सांगू लागली. वरचा पलंग, तोंडाजवळ पंखा, खालच्या मुलीचे रात्री पांघरुणात तोंड घालून रसायनशास्त्राची सूत्रे पुटपुटणे, दर रविवारच्या चाचणीनंतर भिंतीवर लागणारी गुणांची यादी, आणि यादीत खाली गेलेल्या मुलीशी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कुणी न बोलणे. घरून फोन आला की प्रत्येक मुलगी जिन्यात जाऊन बोलायची आणि परत येताना तोंड धुऊन यायची. वडिलांनी दुकानातल्या उधारीतून फीचे पैसे कसे उभे केले ते तिला दुसऱ्याच कुणाकडून कळले होते, आणि कळल्याचे तिने वडिलांना अजून सांगितलेले नाही. ती कितीतरी वेळ बोलत राहिली. त्या मुलाखतीचे शब्दांकन सध्या माझ्याकडे चालू आहे, आणि त्यातले बहुतेक काही तिच्या एकाही कवितेत अजून आलेले नाही.